बाजूच्या दोन फळ्या

९ जुलै, त्रिशूर

आज पटाशी निसटली. अंगठ्याच्या बुडाला लागलं. थोडंच. वेलायुधन आशारीनं – इकडं सुताराला आशारी म्हणतात, आमच्या शेडचा म्हातारा तोच – हळद आणून दाबली आणि म्हणाला, "मन किधर है, मोने?" मोने म्हणजे पोरा. मन किधर है! गावाकडं, कुंडलमध्ये आहे. आणखी कुठं असणार.

दुपारी आईचा फोन आला तेव्हापासून हे चाललंय. आधी पाऊस विचारला, जेवण विचारलं. मग एकदम वैनीचं काढलं – "साई, अंकिताचं काय करायचं?"

मी म्हणालो, काय करायचं म्हणजे?

"पंचवीस वर्साची पोर हाय रं. आशी किती दिस बसायची? भावकी म्हणतीया, धाकटा हाय की घरात. तुझ्या मनात काय हाय त्ये सांग."

मागं मशीन चालू होतं. मी म्हणालो, आवाज येत नाही. ठेवला!

आवाज स्पष्ट येत होता.

१० जुलै

इथं मराठी बोलायला कोणी नाही. शेडमध्ये मल्याळी, खोलीत ओरिसाची पोरं. म्हणून काल ही वही घेतली. आठवीनंतर एवढं कधी लिहिलं नाही. करवत ओढून दुखत नाही एवढा हात दुखतो!

१४ जुलै

दादाला जाऊन सहा महिने झाले. आष्ट्याहून गाडीवर येत होता. दिवेलागणीची वेळ. पुढं उसाची ट्रॉली उभी – मागं ना दिवा ना लाल कागद. तेवढंच. जास्त लिहिवत नाही.

त्या दिवशीची आई मात्र लिहून ठेवतो. बायका वैनीच्या बांगड्या फोडायला बसल्या. आळीतली राहीबाई आत्ती पुढं सरकली. आई रडत होती ती उठली आणि मधे जाऊन बसली. "हात लावायचा न्हाई. माझा ल्योक गेलाय. हिचा जलम गेल्याला न्हाई." आत्ती आईला म्हणाली, "आगं मनू, रीत हाय." आई म्हणाली, "आसू दे रीत तुझ्या घरात."

बांगड्या राहिल्या. कुंकूही राहिलं.

तेराव्याचं जेवण झालं आणि मी परत इकडं पळालो. बसवेना घरात. वैनी पडवीत खांबाला टेकून बसायची आणि समोर दादाच्या दोन फळ्या. दादा तिच्यासाठी पेटी करत होता. लग्नाला दोन वर्षं झाली तरी बायकोच्या साड्या पत्र्याच्या ट्रंकेत, याची त्याला लाज. सुताराच्या घरात पत्र्याची ट्रंक! म्हणून सागवानी पेटी. पुढची आणि मागची फळी झाली होती. दोन्ही टोकांना शेपटं कापलेली – मासोळीच्या शेपटासारखं असतं म्हणून आमच्या घरात शेपूट म्हणतात. दादाची शेपटं साधी सरळ नव्हती. कडा वळवून त्यानं एकेकाची पाकळी केली होती. एका टोकाला पाच पाकळ्या. असलं मशीनला जमत नाही. करवतीनं अंदाज घ्यायचा आणि पटाशीनं केसाकेसानं खायचं.

बाजूच्या दोन फळ्या राहिल्या. त्यांच्यावर दात पाडायचे. दात पाकळ्यांच्या मधे जाऊन बसले की पेटी उभी. ना खिळा, ना स्क्रू.

तसंच पडलंय सगळं. नाना – माझे वडील – त्याला हात लावत नाहीत.

२० जुलै

आज रविवार. दिवसभर चाललो. मंदिराच्या मैदानाला किती चकरा मारल्या माहीत नाही. एका जागी बसलो की आईचा प्रश्न येऊन बसतो.

दादाच्या ताटावर मी बसायचं? नुसत्या विचारानं तोंड कडू होतं. आणि वैनी दुसऱ्या कुणाच्या घरात गेली असं मनात आणलं तर त्याहून कडू होतं. हे काय आहे? दादा असताना असलं कधी मनात आलं नाही. आईनं विचारलं आणि आलं. आता जात नाही.

२३ जुलै

लालासाहेब भेटले. विट्याकडचे, इथं सोनं गाळायचं त्यांचं दुकान आहे. त्यांच्याच मागं मी त्रिशूरला आलो होतो. ॲसिडच्या धुरानं जीव घाबरायचा. चार महिन्यांत पळालो ते शेजारच्या लाकडाच्या शेडमध्ये. तेव्हा नानांनी आईकडून निरोप पाठवला होता – "सुताराचं पोरगं सोनं गाळाय गेलं, आन् फिरून लाकडाकडंच आलं. मग घरच्या लाकडाला काय काटं हुतं?"

लालासाहेब म्हणाले, "गावाकडं निगालोय. काय धाडायचंय का आईला? केळ्याचं वेफर सोडून बोल. गेल्या टायमाला तुमच्या वेफरनं माझी बॅग तेलकट झाली."

मी म्हणालो, धाडायचं नाही. येताना आणायचंय.

तोपर्यंत मलाही माहीत नव्हतं काय आणायचंय. मग सुचलं.

२४ जुलै

वैनीला फोन केला. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच मी होऊन केला.

"बोला भावजी."

म्हणालो, पेटी पुरी करतो. बाजूच्या फळ्या इथं करतो, येताना घेऊन येतो. मला फक्त पाकळ्यांचं माप पाहिजे. पुठ्ठा घ्या. फळीचं टोक पुठ्ठ्यावर ठेवा. टोकदार पेन्सिलीनं कडेकडेनं उतरवा.

"आवं, मला यील का त्ये?"

येईल की. पेन्सिल उभी धरायची. आडवी झाली की माप वाढतं.

"चुकलं तर?"

चुकलं तर परत उतरवायचं. पुठ्ठा काय सोन्याचा आहे का?

हसली. थोडंच. मग म्हणाली, "तुमचे दादा आसंच रागवायचे. पेन्सिल उभी धर म्हणायचे."

बराच वेळ बोललो. सगळं मापाचंच बोललो.

ठेवल्यावर ठरलं. पेटी पुरी करायची. वर्षश्राद्धाला घेऊन जायची. वैनीपुढं उभी करायची. मग आईला माझं उत्तर आपोआप कळेल. तोंडानं सांगायचं मला जमणार नाही.

६ ऑगस्ट

पुठ्ठा आला! साडीच्या खोक्याचा. चारही टोकं उतरवलीत, प्रत्येकाला नंबर. "वरची बाजू", "खालची बाजू". एका पाकळीपाशी रेघ हललीय, तिथं बारीक अक्षरात लिहिलंय – हितं हात हालला.

लालासाहेब म्हणाले, "ह्यात काय गुपित हाय गड्या? मी सोन्याची बिस्किटं आणताना भ्यालो न्हाई तेवढा ह्या पुठ्ठ्याला भ्यालो. दुमडू नका, भिजवू नका – तुझ्या वैनीनं धा येळा सांगितलं."

दहा वेळा सांगितलं!

९ ऑगस्ट

आशारीकडून सागाच्या दोन फळ्या घेतल्या. पगारातून कापून घे म्हणालो. फळी बोटानं वाजवून म्हणाला, "अभी नहीं. बारिश जाने दो. लकडी पेट भर के पानी पिया है. तेरा गाँव सूखा न? उधर ये पतला हो जाएगा."

माहीत आहे मला. मीही सुताराचाच आहे. नाना तर जोडीचं माप कागदावर घेऊच देत नाहीत. एकीच्या अंगावर दुसरी ठेवायची आणि टोच्यानं खूण ओढायची – जोडीची खूण जोडीवरूनच. पण फळ्या तिकडं आणि मी इकडं, करायचं काय? पावसाचं म्हणशील तर फळ्या शेडच्या पंख्याखाली आठ दिवस ठेवतो. बास झालं.

महिना-दोन महिने कोण थांबणार!

१९ ऑगस्ट

काम सुटल्यावर रोज तास-दीड तास बसतो. पहिले दोन दात झाले. लय बारीक काम. दादाची पाकळी एका अंगाला जरा जास्त वळते. आधी वाटलं वैनीची पेन्सिल सरकली. पण सगळ्याच पाकळ्या तशा. मग लक्षात आलं – दादा डावखुरा. पटाशी त्या अंगानं यायची त्याची. मी उजव्या हातानं तसं करायला गेलो की कड फाटते. म्हणून आज डाव्या हातात पटाशी धरून बघितली. वेडंवाकडं. पण कड बरोबर वळली.

आशारी लांबून बघत होता.

२० ऑगस्ट

डावा हात सुजलाय.

५ सप्टेंबर

ओणमची सुट्टी. दारोदारी फुलांच्या रांगोळ्या. शेडमध्ये मी एकटा. इथल्याच लाकडाचा एक तुकडा घेऊन त्यावर पुठ्ठ्यावरून पाकळ्या कापल्या. आपले दात कसे बसतात ते बघायला. ठेवले, मोगरीनं हलकं मारलं – टक, टक, टक – आणि बसलं! केसही जाणार नाही असं बसलं! पालथं करून बघितलं, उजेडात धरून बघितलं. कुठं फट नाही.

एकटाच ओरडलो. मग खाली बसून रडलो. दादा असता तर म्हणाला असता, "ब्येस रं, पण पाठ सरळ ठिवून काम कर."

फोटो वैनीला पाठवला. तिनं नुसतं फूल पाठवलं. ते चारदा बघितलं. चारदा नाही, जास्त वेळा.

११ सप्टेंबर

आई – "साई, त्या दिशी बोलणं राह्यलं."

म्हणालो, कामात आहे, नंतर बोलू.

"नंतर म्हंजी कवा?"

म्हणालो, वर्षश्राद्धाला येतोय की.

ती म्हणाली, "बरं. जेवलास न्हवं?"

बोलायला पाहिजे होतं. ओठापर्यंत आलं होतं. पण पेटीशिवाय नुसतं काय बोलायचं? हात हलवत गेल्यासारखं वाटतं. दादानं तिच्यासाठी काय करायला घेतलं होतं, आणि मी नुसतं फोनवर व्हय म्हणायचं?

१ ऑक्टोबर

खंडेनवमीला इथंही हत्यारं पुजतात. आशारीनं माझ्या पटाशीला गंध लावलं. दादाची पटाशी तिकडं कुणी पुजली असेल?

३० नोव्हेंबर

दुसरी फळीही झाली. पुठ्ठ्याच्या कडा झिजल्या आता, तरी उशाखाली ठेवतो.

वैनीला परवा विचारलं, पेटी कुठं ठेवायची? म्हणाली, "पडवीत नगं, मांजर बसंल." मग दोघं मांजरावर बोललो. घरी गेल्यावर परत इकडं यायचं नाही असं आता वाटतंय. नानांच्या शेजारी बसून काम करायचं. संध्याकाळी ती चहा घेऊन येईल.

लिहून टाकलं. आता खोडत नाही.

२१ डिसेंबर

आईचा फोन. "वर्साला नक्की ये. एक गोष्ट बोलायची हाय. फोनवर न्हाई." आवाज हलका वाटला तिचा. बऱ्याच दिवसांनी.

कळलं मला काय बोलायचंय. माझंही तेच आहे आई. तेच आहे.

७ जानेवारी, कुंडल

बंगळूरला गाडी बदलून मिरजेला उतरलो. दोन्ही फळ्या गोधडीत गुंडाळून छातीशी. स्टँडवर एकजण म्हणाला, "काय पावणं, तंबोरा नेताय का?"

घरी आलो. आई रोडावलीय. नानांनी पाठीवरून हात फिरवला. वैनी पाणी घेऊन आली. हिरवी साडी. आधी गोधडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"लय वळसा पडला आसंल तुमास्नी," म्हणाली.

८ जानेवारी

बसलं नाही.

९ जानेवारी

काल लिहवलं नाही. आज लिहितो.

पडवीत दादाची पुढची फळी उभी केली. आई, नाना, वैनी, सगळी बघायला. मी माझी फळी वरून धरली. पहिला दात गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला अडलं. चौथा-पाचवा तर पार पाकळीवर चढले. दाबलं. परत काढलं, परत लावलं. मोगरी उचलली तसे नाना ओरडले, "ठोकू नगंस! त्येची फळी चिरंल!"

हात तसाच वर राहिला.

नानांनी टेप लावली. दोन सूत, म्हणजे पाव इंच कमी. सोळा इंचाची फळी दोन सूत आटली होती.

"कवा कापलंस?"

ऑगस्टात.

"केरळात. भर पावसात. फुगल्यालं लाकूड. आन् माप हितलं, कोरडं खडंग." त्यांनी फळी उलटी करून बघितली. माझे दात बघितले, एकेकावरून अंगठा फिरवला. "हात ब्येस बसलाय. पर आरं, कुणाच्या पोटचा तू? हे तर बिगारीबी सांगंल."

वैनी म्हणाली, "नाना, माझंच माप चुकलं आसंल. एके ठिकाणी हात हालला हुता."

"तुझं माप ब्येस हाय, पोरी."

मला माहीत होतं. आशारी सांगत होता. कळत होतं आणि थांबवत नव्हतं!

११ जानेवारी

वर्षश्राद्ध झालं. कावळा लगेच शिवला. आई म्हणाली, "म्हंजी कशात जीव गुतल्याला न्हाई त्येचा."

१३ जानेवारी

आई ओट्यावर तीळ निवडत बसली होती. उद्या संक्रांत. म्हणाली, "बस."

बसलो. मनात म्हणालो, पेटी नाही तर नाही. आज बोलायचंच.

"आंकिताला मागणी आलीया," आई म्हणाली. "रहिमतपूरची. पोरगा मिलिट्रीत हाय. म्हेंद्र नाव. पयली बायको डेंगूनं गेली, ल्योकरू न्हाई. मानसं बरी हायती. नाना जाऊन बघून आलं."

तिचे हात तिळात चालूच होते.

म्हणालो, वैनीला विचारलं?

"तिला न इचारता करीन व्हय? पयल्यांदा न्हाई म्हणाली. दिवाळीला परत काढलं, तवा म्हणाली बघू द्या. माझी लेक म्हणून धाडणार हाय मी तिला. कन्यादान आमी दोघं करणार."

म्हणालो – मला सांगायचं तरी.

आईनं हात थांबवले. "तुला दोनदा इचारलं की रं बाळा. पयल्यांदा म्हणालास आवाज येत न्हाई. दुसऱ्यांदा म्हणालास कामात हाय. मी काय खुळी हाय? न्हाई म्हणाय जड जातंय पोराला, आसं समजले. तिलाबी तसंच सांगितलं."

काय सांगितलंस?

"साईच्या मनात न्हाई म्हणून. त्येला उगं वडू नगं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिचं तोंड उतरलं. "साई? आरं –"

मी उठलो. सागरेश्वरच्या डोंगरापर्यंत चालत गेलो. तिथल्या हरणांच्या अभयारण्याच्या जाळीपाशी बसलो. परत आलो तेव्हा तीळ तसेच ओट्यावर होते.

१४ जानेवारी

वैनीनं तिळगूळ दिला. पाया पडली नानांच्या, आईच्या. मला म्हणाली, "ग्वाड बोला." मी म्हणालो, हो.

१६ जानेवारी

नाना माळ्यावर चढले आणि जुन्या सागाची एक फळी खाली काढली. कधीची ठेवली होती कोण जाणे. माझ्यापुढं टाकली. "घ्ये. ही आता कुटं आटत न्हाई का फुगत न्हाई. हिच्या दोन कर."

म्हणालो, तुम्हीच करा.

"मी का करू? तू घ्येतलंस न्हवं करायला?"

दोघांनी रंधा मारला. मग दादाची फळी नव्या फळीच्या अंगावर ठेवली. मी घट्ट धरली, नानांनी टोच्या ओढला. पाकळी-पाकळी. एकदा हात थांबला त्यांचा. म्हणाले, "डावखुऱ्याचं काम. कुटंबी वळकू येतं." पहिल्यांदाच बोलले त्याच्याबद्दल.

नंतर भुसा फुंकता फुंकता म्हणाले, "जितं थांबायचं तितं घाई केलीस. आन् जितं घाई करायची –"

रंधा उचलला. म्हणजे आईनं त्यांना सांगितलंय.

मी म्हणालो, नाना, मी अजून –

"सुपारी फुटलीया, साई. माझा शब्द गेलाय. तिचाबी."

२१ जानेवारी

रहिमतपूरचा तो आला होता. त्याची आई आणि मामा बरोबर. तारीख काढायला. मी मुद्दाम पडवीतच काम करत बसलो. म्हटलं बघू तरी कसला आहे. उंच. कानाजवळ केस पांढरे व्हायला लागलेत. बूट ओळीत काढून ठेवले.

माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. दादाची फळी हातात घेतली, दोन्ही हातांनी. पाकळ्या बघितल्या.

"हे कुणी केलं?"

वैनी दारात उभी होती. म्हणाली, "ह्यांनी."

कुणाला म्हणतेय ते त्याला कळलं. फळी हळूच खाली ठेवली. म्हणाला, "मग पेटी आपल्याकडं आली पाहिजे. इथं ठेवून जाऊ नका."

त्याची आई म्हणाली, "आरं, पयल्या घरचं सामान कशाला –"

"आई," म्हणाला. तेवढंच.

राग यायला पाहिजे होता मला. आलाच नाही. त्याचाच मग राग आला.

२९ जानेवारी

आठ दात झाले. आता डावा हात सुजत नाही.

लग्न बावीस फेब्रुवारीला. राहीबाई आत्ती येऊन आईला ऐकवून गेली, "सुनंचं कन्यादान! बघाय तरी मिळालं मरायच्या आदी." आई म्हणाली, "मग म्होरं बस आत्ती, नीट दिसंल."

५ फेब्रुवारी

नाना पलूसला गेले होते. आई रानात भाजी आणायला. मी शेवटच्या टोकाचे दात करत होतो. वैनी चहा घेऊन आली. कप ठेवला, पण गेली नाही. खांबाला टेकून उभी राहिली.

म्हणाली, "किती बारीक करताय."

म्हणालो, दादासारखं जमत नाही.

"त्यास्नी कुटं जमायचं? तीन फळ्या वाया घालवल्या त्यांनी. चुलीत घातल्या मी. तुमास्नी सांगू नगं म्हणाले हुते."

दोघंही हसलो. रस्त्यानं उसाची बैलगाडी गेली, तिच्या घुंगरांचा आवाज पार लांब जाईपर्यंत दोघं ऐकत राहिलो.

"भावजी, एक इचारू? रागावू नगा. तुमच्या मनात कवा काय हुतं का?"

हातात पटाशी. मनात म्हणालो, आत्ता बोल गड्या. एवढ्यासाठी सहा महिने लाकूड खाल्लंस, आत्ता बोल. वर बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, आणि तिचे डोळे नुकतेच कुठं जरा वर आले होते. वर्षानं. मी व्हय म्हणालो तर ते परत खाली जाणार. तिनं काय करायचं मग? नानांचा शब्द, आईची हौस, तो बूट ओळीत ठेवणारा माणूस – हे सगळं घेऊन तिनं कुठं जायचं?

"न्हाई वैनी," म्हणालो. "कवाच न्हाई."

तिनं बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

"बरं," म्हणाली. "मग माझ्या जिवावरचं वझं उतरलं."

कप उचलून आत गेली. कपात चहा तसाच होता.

६ फेब्रुवारी

मी तिला फसवलं का? का तिनं मला? काही कळत नाही. काल "बरं" म्हणताना तिचा आवाज कसा होता ते आठवतोय. कधी वाटतं सुटल्यासारखा होता. कधी वाटतं नव्हता.

विचारून काय उपयोग आता.

१० फेब्रुवारी

पेटी उभी राहिली. नाना एका अंगाला, मी एका अंगाला. टक, टक, टक. दादाच्या पाकळ्यांत दात जाऊन बसले. तळ आणि झाकण नानांनी बसवलं. नानांनी ओल्या फडक्यानं पुसलं तसा साग लालसर दिसायला लागला. आई पेटीवर डोकं ठेवून रडली. वैनी रडली नाही. आत जाऊन ट्रंक घेऊन आली आणि एकेक साडी पेटीत ठेवत गेली. तळाशी दादाचा एक शर्ट ठेवला. नानांनी बघितलं आणि तोंड फिरवलं.

माझ्या केरळच्या फळ्या कोपऱ्यात उभ्या आहेत. नाना म्हणाले, "वाळल्यात आता. कशालातरी व्हतील."

१७ फेब्रुवारी

लालासाहेबांचा फोन. "आरं, कवा येतोस? तुझा म्हातारा रोज माझ्या दुकानात येऊन मोने कुठं, मोने कुठं करतोय."

लग्न झालं की येतो म्हणालो. चोवीसचं तिकीट काढलं.

२० फेब्रुवारी

मांडवात खुर्च्या लावल्या. पेटी टेम्पोत चढवून आलो. चार पोरं धावली, मी म्हणालो नको, मी धरतो.

आई मधेच मला आत बोलावते आणि काहीच सांगत नाही. माझ्या शर्टाचं बटण बघते, केस बघते. आज म्हणाली, "साई, माझं चुकलं का रं?" म्हणालो, तुझं काय चुकलं? तू दोनदा विचारलंस.

तशी ती रडायला लागली.

२२ फेब्रुवारी

लग्न लागलं. कन्यादान झालं. नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ पुढं येऊ दे, म्हणून भटजींनी हाक दिली. वैनीला भाऊ नाही. माणसं इकडं-तिकडं बघायला लागली. मी मांडवाच्या मागच्या खांबापाशी होतो.

तिनं मान वर केली आणि सगळ्यांदेखत हाक मारली – "साईराज, ये की रं. तूच पीळ."

आजपर्यंत मला कधी तू म्हणाली नव्हती.

गेलो. पिळला. त्यांच्याकडून मानाची टॉवेल-टोपी मिळाली. टोपी घातली.